दूतनेमणूक आणि परदेशी निवडणूक

एखाद्या देशात सत्तापालट झाला की त्याचे राजदूत बदलतात आणि तिथे स्थायिक झालेल्यांच्या पक्षनिष्ठेचीही कसोटी लागते. महाराष्ट्रापुरता हा विषय मुख्यतः अमेरिकेशी निगडित आहे.

दिल्लीतील अमेरिकी राजदूतपद बहुधा राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासातल्या माणसाकडे जाते. केनेडी निवडून आले आणि १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ भारतात आले. अध्यक्ष बदलला की असे राजदूत पद सोडतात. नव्या नावाला यजमान देशाची पूर्वसंमती लागते आणि सिनेटची मंजुरीही. घोडे पेंड खाते ते सिनेटमध्ये. बायडेन यांनी एरिक गार्सेटी यांचे नाव जुलै २०२१ मध्ये सुचवले. मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ रोजी, ५२ विरुद्ध ४२ मतांनी. दोन वर्षांहून अधिक काळ दूतावासाचा कारभार प्रभारी अधिकाऱ्यांनी हाकला. भारतासारख्या देशाच्या बाबतीत ही दिरंगाई अक्षम्यच म्हटली पाहिजे.

भारतातही असे घडते. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि मुंबईचे कायदेपंडित नानी पालखीवाला राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. परराष्ट्र सेवेशी त्यांचा संबंध नव्हता. १९७९ मध्ये ते सरकार कोसळले आणि त्यांची कारकीर्दही संपली.

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याच्या विद्यार्थ्याला मात्र राजदूतापेक्षा मुंबईतला अमेरिकी वाणिज्य दूतावास जवळचा. महाराष्ट्राबरोबर शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच्याच कक्षेत येतात. व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. तिथले महावाणिज्यदूत सहसा परराष्ट्र सेवेतले कायम अधिकारी असतात, त्यामुळे निवडणुकीच्या निकालाने खुर्चीवरचा माणूस लगेच हलत नाही. नियम मात्र तडकाफडकी बदलतात. मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबवले गेले, सप्टेंबरमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क बसले. आणि दिल्लीत नवा राजदूत अजून रुजूही झाला नव्हता. ऐन प्रवेशाच्या दिवसांत तारीखच न मिळणे, हा घाव राजदूतपद रिकामे राहण्यापेक्षा खोल आहे.

अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या मतदारांच्या पक्षनिष्ठेबाबत कार्नेगी या अभ्याससंस्थेच्या पाहण्या उपयोगी आहेत. २०२० मध्ये भारतीय वंशाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्क्यांचा कल बायडेन यांच्याकडे होता. २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या कमला हॅरिस यांच्या वाट्याला ६१ टक्के आले, आणि त्यांची आई भारतीय असूनही ही घट झाली. महागाई, नोकऱ्या, गर्भपाताचा हक्क हे मुद्दे या मतदारांना महत्त्वाचे वाटले. भारत-अमेरिका संबंध यादीत बरेच खाली होते. दिल्लीला राजदूत कोण जातो यावर ही मते फिरत नाहीत, असाच याचा अर्थ दिसतो.

उमेदवारालाही केवळ आपल्या समाजाची मते पुरत नाहीत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्यांच्या डेट्रॉइटच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण मोठे आहे. निव्वळ मराठी मतांवर तिथे कोणीही निवडून येऊ शकत नाही. २०२४ मध्ये त्यांनी ती जागा राखली.