चांदीवर उगवलेला पापुद्रा

जूनमधल्या पहाटे मलिहाबादला उतरा. हापूसचा अभिमान तेवढा गाडीतच राहू द्या. इथे दशहरीचं राज्य आहे. बागवान तुम्हाला फळाआधी कलम दाखवतो: खाली गावठी कोयीचा खुंट, वर दशहरीची काडी. याच गावच्या कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर तीनशेच्या वर जातींची कलमं बांधली, त्यांना 2008 मध्ये पद्मश्री मिळाली. काडी कितीही खानदानी असो, खुंटाशी तिचं जमलं नाही तर ती वाळते. हे ध्यानात असू द्या, कारण पुढचा खुंट धातूचा आहे.

पण आधी बघू, नुसतं कुटून धातू किती पातळ होतो. चला शंभर वर्षं मागे, लखनौच्या चौकात. गल्लीत शिरायच्या आधीच ठकठक कानावर येते. कातड्याच्या पानांत चांदीचे तुकडे ठेवून कारागीर तासन्‌तास हातोडा मारतोय. तो पान उघडतो, तुम्ही वाकून बघता आणि तुमच्या श्वासानेच वर्ख उडतो. "साँस रोकिए, हुज़ूर!" 2016 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी हे कातडं बंद केलं आणि वर्खाचं वजन चौरस मीटरला 2.8 ग्रॅमपर्यंत बांधून दिलं. त्यावरून हिशेब केला तर जाडी पाव मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणजे अणूंचे हजारभर थर! आणखी कुटाल तर चिंध्या होतील. एका थरापर्यंत हातोडा पोचत नाही.

2004 चं मँचेस्टर धावतच बघा. गाइम आणि नोवोसेलोव हे शास्त्रज्ञ चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून एका अणूच्या जाडीचं ग्राफीन काढतायत. तुकडे मात्र अगदीच चिमुकले.

2009, टेक्सासमधलं ऑस्टिन. इथे जरा रेंगाळा. भट्टी हजार अंशांवर, आत 25 मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पत्रा, त्यावरून मिथेन सोडलाय. तापलेल्या तांब्यावर मिथेन फुटतो आणि मागे राहिलेल्या कार्बनचं ग्राफीन होतं. निकेल असतं तर कार्बन आत विरघळला असता आणि थंड होताना थरावर थर चढवत बाहेर आला असता. तांब्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. पत्रा झाकला गेला, की मिथेन फोडायला उघडं तांबं उरत नाही आणि वाढ आपसूक थांबते. कुणी मोजत नाही, कुणी थांबवत नाही! मला या सगळ्या खटाटोपात हीच जागा सर्वांत देखणी वाटते. मग वर प्लास्टिकचा लेप द्यायचा आणि खालचं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं. बागवान खुंट जपतो, इथे खुंटाचाच बळी जातो.

शेवटचा मुक्काम 2015, शिकागोजवळची अरगॉन प्रयोगशाळा. निर्वात कोठीत चांदीचा स्फटिक ठेवलाय, त्यावर बोरॉनची वाफ बसते आहे. ग्राफाइट थराथरांचं असतं म्हणून सोलता येतं. बोरॉनला तसे थरच नाहीत, त्यामुळे चिकटपट्टी इथे निकामी. चांदी बोरॉनशी संयुग करत नाही, पण तिच्या आधाराने त्याचे अणू सपाट पसरतात. तयार होतं बोरोफीन, बोरॉनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा.

तांब्यावरचं ग्राफीन आज विकत मिळतं. बोरोफीनला हवा लागली, की त्याचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, आणि प्रयोगशाळेबाहेर ते अजून फारसं पडलेलं नाही.