अस्थिसंहार

होटगी जंक्शनवरून विजयपूरची गाडी दक्षिणेकडे वळली की पुढे वेलीची ‘बळ्ळी’ होते. आपली कांडवेल, म्हणजेच हाडसांधी, कन्नडात ‘संदुबळ्ळी’. त्यातला ‘संदु’ आपल्या सांध्याचा, संस्कृत ‘संधी’चा भाऊबंद असावा. ‘बळ्ळी’ची गोष्ट अधिक रंगतदार आहे. कन्नडात शब्दारंभीच्या जुन्या ‘व’चा ‘ब’ होतो. तमिळमध्ये ‘वळ्ळी’ अजून तशीच आहे. तेव्हा संस्कृत ‘वल्ली’ मुळात द्राविडी असावी, असे दिसते.

खरी गंमत संस्कृत नावात आहे: अस्थिसंहार. हाड जोडणाऱ्या वेलीच्या नावात संहार कसा? ‘सम्’ आणि ‘हृ’ मिळून मूळ अर्थ होतो एकत्र आणणे, आवरणे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात द्रौपदीची मोकळी वेणी बांधली जाते, तोच हा संहार. विनाशाचा अर्थ ‘आवरून घेणे’ यातूनच पुढे आला असावा. लाक्षादि गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधात लाख, अर्जुन, अश्वगंधा यांच्या पंगतीला हीच वेल ‘अस्थिसंहृत्’ म्हणून बसते. ‘अस्थिशृंखला’ हे नाव तर वेल पाहताच पटते: चौधारी, मांसल कांडे, प्रत्येक पेराशी आवळलेली, जणू मणक्यांची माळ. कच्चे कांडे चावले तर घसा खाजतो, तो ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे.

‘अस्थि’चे गोत्रही मोठे आहे. फारसी उस्तुख्वान, ग्रीक ऑस्टिऑन, लॅटिन ओस ही सारी सख्खी भावंडे. ‘दंत’ आणि फारसी ‘दंदान’ यांचेही तसेच. हाड आणि दात यांची ही गोत्रे इम्प्लांटमध्ये भेटतात: स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाडाने धातूला घट्ट धरण्याला पुढे याच ‘ओस’वरून ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव पडले. इंटिग्रेशनच्या मुळाशी ‘अखंड’ हा अर्थ आहे, म्हणजे हा शब्द अस्थिसंहाराचा अगदी शेजारी.

काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या उडुपा आणि प्रसाद यांनी १९६४ साली मोडलेल्या हाडावर या वेलीचा परिणाम किरणोत्सारी कॅल्शियम वापरून अभ्यासला. आता वेलीतल्या क्वेर्सेटिनसारख्या संयुगांवर लक्ष आहे. इम्प्लांटवर त्यांच्या कुळातल्या संयुगांचा थर दिला तर हाड लवकर धरते का, हे प्रयोगशाळांत तपासतात. ‘क्वेर्सेटिन’ हे नाव लॅटिनमधल्या ओकच्या राईवरून आलेले, पण द्रव्य सोलापूरच्या बाजारातल्या कांद्यातही भरपूर.

सोलापुरातले तेलुगू पद्मशाली या वेलीला ‘नल्लेरु’ म्हणतील. ‘नल्ल’ म्हणजे काळा, आणि वेल तर हिरवीगार. चार धारांमुळे ‘नालुगु’, म्हणजे चार, याच्याशी नाते असावे का? दीर्घ ‘ना’ तेलुगूत ‘नलुगुरु’, म्हणजे चौघे, यात ऱ्हस्व होतोच; तरी हे नाते अंदाजापुरतेच.