‘गुदरणे’ कोणाचे?

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या महापुराचा विषय निघाला की जुनी माणसे म्हणतात, ‘लई वाईट प्रसंग गुदरला.’ २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांबद्दल बोलताना मी हे क्रियापद ऐकले आहे. वर्तमानपत्रांत मात्र आता संकट ‘ओढवते’ किंवा ‘कोसळते’. ‘गुदरणे’ मागे पडत चालले आहे.

याचे मूळ फारसी ‘गुज़श्तन’. अर्थ साधा: जाणे, सरणे, ओलांडणे. उर्दूतले ‘गुजरना’ आणि ‘गुजारा’, आपल्या मराठीतली ‘गुजराण’ ही त्याच घरची मंडळी. मग ‘ज’चा ‘द’ कसा झाला? फारसीत हा ‘ज़’ ‘ज़ाल’ या अक्षराने लिहितात आणि जुन्या फारसीत त्याचा उच्चार ‘द’च्या जवळचा होता. मराठीत तोच टिकला. म्हणून ‘काग़ज़’चा आपल्याकडे ‘कागद’ झाला आणि ‘गुज़श्ता’, म्हणजे सरलेले वर्ष, मराठी दप्तरांत ‘गुदस्ता’ झाले. तिन्ही शब्दांत तोच ज़ाल आहे.

असे शब्द आले की कोणीतरी मला हसत म्हणते, ‘हे तुमचे शब्द.’ पण बहामनी आणि आदिलशाही काळात फारसी ही दरबाराची भाषा होती, गावच्या मुसलमानाची नव्हे. इथल्या पिंजाऱ्याला, शेतकऱ्याला ती कुठे येत होती? हे शब्द मराठी कागदांत लिहिले ते बहुतांशी कुलकर्णी, देशपांडे आणि चिटणीस यांनी. पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचा पुरस्कार करू लागले.

नाम बदलणे सोपे असते. वजीराच्या जागी प्रधान बसवता येतो. क्रियापदाचे तसे नाही. ते भाषेच्या व्याकरणात शिरते. गुदरला, गुदरली, गुदरेल, ही रूपे कोणत्याही फारसी माणसाला कळणार नाहीत. अर्थही मराठीने आपला दिला. फारसीत दिवस, वाटसरू, पाणी, काहीही ‘गुज़रते’. मराठीत फक्त वाईटच गुदरते. ‘लग्न गुदरले’ असे कोणी म्हणत नाही.

प्रत्यय मराठी, अर्थ मराठी, बोलणारे सगळ्या जातिधर्मांचे. पुराचे पाणी दारात आले तेव्हा नृसिंहवाडीच्या आणि कुरुंदवाडच्या माणसांवर एकच प्रसंग गुदरला होता. त्यासाठी त्यांच्याकडे शब्दही एकच होता. मुळातला अर्थ आठवला तर त्यात थोडा धीरही आहे: जे गुदरते ते सरूनही जाते. मुलांच्या कानावर हा शब्द पडत राहावा, एवढेच मला वाटते.