स्नानगृहाची फरशी

स्नानगृहाची फरशी म्हणजे घरातील न्हाणीघर व शौचालय यांच्या जमिनीवर बसवला जाणारा, पाणी सहन करणारा पृष्ठभाग होय. या फरशीला लादी किंवा टाइल असेही म्हणतात. सततचा ओलावा, साबणाचा थर, आम्लयुक्त स्वच्छताद्रव्ये आणि अनवाणी वावर या चार कारणांमुळे तिची निवड अन्य खोल्यांच्या फरशीहून वेगळ्या निकषांवर करावी लागते. नूतनीकरणाच्या वेळी ही निवड विशेष महत्त्वाची ठरते, कारण एकदा बसवलेली फरशी तोडफोड केल्याशिवाय बदलता येत नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणी किंवा मोरी दगडी फरशीची असे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा हे त्यासाठी सर्वाधिक परिचित दगड होत. विसाव्या शतकात शहरांमध्ये सिमेंटच्या आणि मोझेक लाद्यांचा प्रसार झाला. मुंबईत १९२२ साली स्थापन झालेली भारत टाइल्स ही कंपनी या क्षेत्रातील आरंभीच्या देशी उत्पादकांपैकी एक होती. पुढे भाजलेल्या सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड लाद्यांनी त्यांची जागा घेतली. गुजरातमधील मोरबी हे या लाद्यांच्या उत्पादनाचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र आहे.

प्रकार

* सिरॅमिक : माती भाजून वर चकाकीचा थर दिलेली लादी. ही स्वस्त असते आणि कापण्यास सोपी जाते. भिंतीसाठी बनवलेली सिरॅमिक लादी सच्छिद्र व तुलनेने कमकुवत असल्याने जमिनीवर वापरणे योग्य नसते.
* व्हिट्रिफाइड (पोर्सेलिन) : उच्च तापमानाला भाजल्यामुळे काचेसारखी घट्ट झालेली लादी. ती पाणी जवळजवळ शोषत नाही आणि मजबूत असते. गुळगुळीत घोटलेला प्रकार ओला झाल्यावर निसरडा होतो; त्यामुळे स्नानगृहासाठी मॅट किंवा खरखरीत पृष्ठभागाचा प्रकार निवडला जातो.
* नैसर्गिक दगड : शहाबाद, कोटा व संगमरवर हे चुनखडीयुक्त दगड आहेत. आम्लाने त्यांचा पृष्ठभाग झिजतो, म्हणून शौचालय स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रव्ये त्यांवर वापरता येत नाहीत. ग्रॅनाइट आम्लाला बराच अधिक टिकतो. न घोटलेल्या दगडावर पाय चांगला ठरतो.

निवडीचे निकष

घसरण-प्रतिरोध

हा सर्वांत महत्त्वाचा निकष मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगभरात अनपेक्षित इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक दुसरा असून, साठीपुढील व्यक्तींना त्याचा धोका अधिक असतो. लादीच्या घसरण-प्रतिरोधाची दोन वर्गीकरणे प्रचलित आहेत व दोन्ही जर्मन मानकांतून आलेली आहेत. ‘आर ९’ ते ‘आर १३’ ही श्रेणी पादत्राणे घालून तेल लावलेल्या उतारावर केलेल्या चाचणीवरून ठरते. ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ हे वर्ग साबणाच्या पाण्याने भिजलेल्या उतारावर अनवाणी चालण्याच्या चाचणीवर आधारलेले आहेत. स्नानगृहात वावर अनवाणी असल्याने दुसरे वर्गीकरण अधिक समर्पक ठरते. अंघोळीच्या जागेसाठी ‘बी’ वर्ग योग्य मानतात. मात्र पृष्ठभाग जितका खरखरीत, तितका त्यात मळ व साबण साचतो आणि घासण्याचे श्रम वाढतात. म्हणून सर्वांत खरखरीत लादी ही घरासाठी सर्वांत सोयीची असतेच असे नाही.

पाणी-शोषण

लादीने शोषलेल्या पाण्याचे प्रमाण तिच्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. व्हिट्रिफाइड लादीत ते ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते, तर भिंतीच्या सच्छिद्र लादीत १० टक्क्यांहून अधिक असू शकते. भारतात यासंबंधीचे निकष ‘आयएस १५६२२’ या मानकात दिलेले आहेत.

आकार, सांधे आणि उतार

पाणी न साचता जाळीकडे वाहून जावे यासाठी फरशीला सामान्यतः १:८० ते १:५० इतका उतार दिला जातो. १:८० या प्रमाणात २.४ मीटर लांबीवर ३० मिलिमीटर उतार मिळतो. मोठी लादी वाकत नसल्याने चारही बाजूंनी जाळीकडे उतार देताना ती तिरकी कापावी लागते. ३०० × ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लहान लादी उताराशी सहज जुळते, शिवाय सांधे अधिक असल्याने पायाला पकड मिळते. सांधे भरण्यासाठी सिमेंटयुक्त किंवा इपॉक्सी मिश्रण वापरतात. इपॉक्सी महाग असले तरी ते पाणी शोषत नाही आणि डाग व आम्ल यांना अधिक टिकते.

रंग

कूपनलिकेच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद व चकाकत्या लादीवर ठळक दिसतात. मध्यम छटेच्या मॅट लादीवर ते कमी जाणवतात. दृष्टी मंद असलेल्या व्यक्तींसाठी फरशी आणि भिंत यांच्या रंगांत स्पष्ट फरक असणे उपयुक्त ठरते.

जुन्या फरशीवर नवी फरशी

जुनी फरशी न उखडता तिच्यावर चिकटद्रव्याने नवी लादी बसवण्याची पद्धत रूढ आहे. तीत वेळ, खर्च आणि राडारोडा कमी होतो. मात्र जमिनीची पातळी लादी व चिकटद्रव्याच्या जाडीइतकी वाढते. त्यामुळे दार अडकू शकते आणि पाणी बाहेरच्या खोलीत जाण्याची शक्यता निर्माण होते. जुनी लादी पोकळ वाजत असेल, तर वरची लादीही सुटते.

या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा गळतीबाबत आहे. लादी आणि सांधे हे जलरोधक थराला पर्याय नसतात. खालच्या सदनिकेच्या छताला ओल येत असल्यास जुनी फरशी व भराव काढून जलरोधन नव्याने करावे लागते. त्यानंतर जाळीचे तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून चाचणी घेतली जाते आणि मगच लादी बसवली जाते. व्हिट्रिफाइड लादी पाणी शोषत नसल्याने साध्या सिमेंटच्या लगद्यावर ती नीट धरत नाही. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त चिकटद्रव्य वापरतात.

परिमाण आणि खरेदी

एकूण क्षेत्रफळात कापताना वाया जाणाऱ्या लाद्यांसाठी ५ ते १० टक्के भर घालतात. उदाहरणार्थ, १.५ × २.४ मीटरच्या स्नानगृहाचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर होते. १० टक्के भर धरल्यास ते ३.९६ चौरस मीटर होऊन ३०० × ३०० मिलिमीटरच्या ४४ लाद्या लागतात. वेगवेगळ्या वेळी भाजलेल्या लाद्यांच्या छटेत व मापात सूक्ष्म फरक असतो. त्यामुळे सर्व खोक्यांवरील उत्पादन-क्रमांक एकच असल्याची खात्री केली जाते आणि पुढील दुरुस्तीसाठी काही लाद्या राखून ठेवल्या जातात.

हेही पाहा

* मोझेक
* शहाबादी फरशी
* सिरॅमिक
* जलरोधन