चार चाकं, एक परीघ

टायर बदलायला गेलं की टायरवाला पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: "दोन टाकू का चार?" साध्या गाडीत हा प्रश्न फक्त खिशाचा असतो. पुढचे दोन गोटा झाले, पुढचे दोन बदलले, विषय संपला. पण गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर या उत्तरावर गाडीच्या पोटातला बराच महागडा ऐवज अवलंबून असतो. टायर घेताना आपण ब्रँड बघतो, रुंदी बघतो, नक्षी किती आक्रमक दिसते ते बघतो. परीघ कुणीच बघत नाही. आणि फोर व्हील ड्राइव्हचा सगळा इतिहास म्हणजे खरं तर परिघाचीच भानगड आहे.

सुरुवात जीपपासून करू. १९४१ पासून युद्धात धावलेली विलीज जीप पुढे मुंबईत माझगावला महिंद्राने जुळवायला घेतली, म्हणून आपल्याला ती घरचीच वाटते. तिच्यात एक जास्तीचा लिव्हर असायचा. तो टाकला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पक्के बांधले जायचे. चिखलात, वाळूत उत्तम. डांबरी रस्त्यावर मात्र हा लिव्हर टाकून वळायचं नाही, हे प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगायचा.

का? थोडं गणित करू (वहीत करून बघा, मजा येते). गाडी पूर्ण स्टिअरिंग वळवून गोल फिरतेय. दोन ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर, आणि मागचा ॲक्सल साडेचार मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर. मग पायथागोरसच्या कृपेने पुढचा ॲक्सल साधारण ५.१५ मीटर त्रिज्येवर येतो. एका फेरीत मागची चाकं सरासरी २८.३ मीटर चालली, तर पुढची ३२.३ मीटर. चार मीटरचा फरक, म्हणजे चाकाचे जवळपास दोन पूर्ण फेरे! दोन्ही ॲक्सल बांधलेले असतील तर हे दोन फेरे जाणार कुठे? मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशोब जुळतो. डांबरावर टायर सोडत नाही, मग शाफ्टला पीळ बसत जातो आणि शेवटी गाडी टुणकन उडी मारून तो पीळ सोडते.

यावरचा उपाय म्हणजे दोन ॲक्सलच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा विषय मनावर घेतला तो फर्ग्युसनने. आपल्या पुण्याच्या कॉलेजचा नव्हे, ट्रॅक्टरवाला हॅरी फर्ग्युसन! तो १९६० मध्ये गेला, पण त्याच्या कंपनीची पी९९ ही फोर व्हील ड्राइव्ह रेसिंग कार १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने जिंकून दाखवली. याच तंत्रावर १९६६ साली जेन्सन एफएफ आली. डांबरावर चालवायची फोर व्हील ड्राइव्ह कार, वर अँटी-लॉक ब्रेक! जेमतेम ३२० गाड्या बनल्या. काळाच्या पुढे असणं म्हणजे बहुतेक वेळा दिवाळखोरीच्या जवळ असणं.

मग येते ऑडी. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू होत्या. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरच्या लक्षात आलं की फोक्सवागनची इल्टिस ही ७५ हॉर्सपॉवरची लष्करी गाडी बर्फावर दणकट गाड्यांना पुरून उरते. त्याने फर्डिनांड पिएखला पटवलं आणि एक प्रोटोटाइप तयार झाला. जानेवारी १९७८ मध्ये ती गाडी ऑस्ट्रियातल्या टुराखर होहेच्या बर्फाळ चढावर नेली. २३ टक्के चढ, साखळ्या नाहीत आणि टायर चक्क उन्हाळी. गाडी चढली, साहेब खूश. ब्रेक मारताना मात्र गाडीला किती चाकांची ताकद आहे याने काहीच फरक पडत नाही. उतारावर शेवटी टायरच कामाला येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या प्रोटोटाइपमध्ये मधलं डिफरन्शियल नव्हतं. फोक्सवागनचे संशोधन प्रमुख अर्न्स्ट फियाला यांच्या पत्नीने ही गाडी व्हिएन्नात चालवली आणि तक्रार केली की पार्किंग करताना गाडी उड्या मारते, असा किस्सा सांगितला जातो. म्हणजे जीपचंच दुखणं! इतक्या लोकांनी बर्फात इतकी टेस्टिंग केली आणि बग सापडला बाजारहाटाला गेल्यावर. सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं वाटेल :-)

उपाय सुंदर होता. गिअरबॉक्समधला २६.३ सेंटीमीटर लांबीचा शाफ्ट आतून पोकळ केला. पोकळ शाफ्टमधून ताकद मागच्या बाजूच्या छोट्या डिफरन्शियलला जाते. तिथून एक वाटा मागच्या ॲक्सलला आणि दुसरा त्याच पोकळीतून उलटा पुढे. वेगळा ट्रान्सफर केस नाही, वजन कमी. ३ मार्च १९८० ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो लोकांपुढे आली. टायर होते २०५/६० व्हीआर १५.

आता याच टायरवर हिशोब करू. २०५ चे ६० टक्के म्हणजे १२३ मिलिमीटर, दोन्हीकडचे मिळून २४६, त्यात १५ इंची रिमचे ३८१. व्यास ६२७ मिमी, परीघ साधारण १.९७ मीटर. नव्या टायरला रबराची खोली ८ मिमी धरा. तो झिजून ३ मिमीवर आला की व्यास १० मिमीने कमी झाला. म्हणजे दर किलोमीटरला झिजलेलं चाक ढोबळमानाने आठ फेरे जास्त मारणार. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर धरले तर बाराशे फेरे, तेही सरळ रस्त्यावर. पुढे नवे आणि मागे जुने टायर टाकलेत तर गाडीला वाटतं की आपण अख्खा एक्सप्रेसवे वळतोच आहोत.

साधं मधलं डिफरन्शियल हे मुकाट्याने सहन करतं. पण पुढे जे आलं ते इतकं सोशिक नव्हतं. १९८० च्या दशकात व्हिस्कस कपलिंग आलं. त्यात सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्या असतात आणि वेगात फरक पडला की द्रव तापून चकत्या एकमेकींना ओढतात. फरक कायमचाच असेल तर ते कायमच तापणार. मग १९९८ च्या ऑडी टीटीमध्ये हाल्डेक्स क्लच आला. त्याचा कंप्युटर चाकांचे वेग बघून ठरवतो की घसरतंय की नाही. त्याला टायर झिजलाय हे माहीत नसतं, फक्त वेगातला फरक दिसतो. इनपुटच खोटं, मग कोड कितीही प्रामाणिक असून काय उपयोग!

म्हणूनच सुबारूसारखी कंपनी सांगते की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच परीघ म्हणजे २π ने भागून रबराच्या खोलीत फक्त एक मिलिमीटर. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांसमोर सुबारू उभी असते, त्यांना एका पंक्चरची किंमत चार टायर का पडते ते आता कळलं असेल.

मग रुंद टायर टाकायचेच नाहीत का? टाका की. १९८९ च्या पोर्शे ९११ कॅरेरा ४ चे टायर बघा: पुढे २०५/५५ झेडआर १६, मागे २२५/५० झेडआर १६. आकडे वेगळे, पण व्यास काढा. पुढचा ६३१.९ मिमी, मागचा ६३१.४. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! मला तरी हे त्या गाडीच्या इंजिनाइतकंच देखणं वाटतं. उलट बाजूने, दोन कंपन्यांचे टायर एकाच साइझचा आकडा मिरवत असले तरी प्रत्यक्षात परीघ थोडा कमीजास्त असू शकतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. बाजूवर पोर्शेचा 'एन', ऑडीचा 'एओ' किंवा मर्सिडीजचा 'एमओ' छापलेला असेल तर तो टायर त्या कंपनीने आपल्या गाडीसाठी पास केलेला असतो.

आता मघाचा उतार. परीघ जुळला म्हणजे पकड मिळाली असं नाही. १९८२ च्या माँटे कार्लो रॅलीत क्वाट्रो जिंकणार अशी हवा होती. पण बर्फ फारसा पडलाच नाही, आणि वॉल्टर र्‍योरलने मागच्या चाकांवर चालणारी ओपेल अस्कोना घेऊन ती जिंकली. १९८३ ला पुन्हा तोच, या वेळी लान्चिया ०३७ मध्ये, तीही मागच्याच चाकांवर चालणारी. या रॅलीत खाली घाटात कोरडं डांबर आणि वर खिंडीत बर्फ अशी परिस्थिती एकाच स्टेजमध्ये असायची, आणि लान्चियाने तर स्टेजच्या मध्येच थांबून टायर बदलण्याची युक्ती केली. १९८४ ला भरपूर बर्फ होता. र्‍योरल ऑडीत होता आणि पहिले तिन्ही नंबर ऑडीचे आले. म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह टायरची पकड चारही चाकांकडून वसूल करतं. नसलेली पकड निर्माण करत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, तेव्हा टायर घेताना कोरड्या ट्रॅकवरच्या आकड्यांपेक्षा ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आधी बघायचं.

परफॉर्मन्स टायरची एक गोची आहे. त्याचं रबर मऊ, म्हणून झीज लवकर. बाजूवरचा ट्रेडवेअरचा आकडा कमी तितका साधारणपणे टायर लवकर झिजतो. म्हणजे वर्षभरात एखादा टायर फाटला तर नव्या-जुन्यातली दरी टूरिंग टायरपेक्षा मोठी असणार. पुढच्या-मागच्या चाकांचा साइझ एकच असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल हा सगळ्यात स्वस्त इलाज. आणि स्टेपनी! (हा शब्द वेल्समधल्या लानेथ्लीच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ पासून तिथे जादा चाकं बनायची.) डिकीत झोपून राहिलेली स्टेपनी कधी झिजत नाही, म्हणून फोर व्हील ड्राइव्हला ती लावून फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, महाबळेश्वरला नाही.

चारपैकी एकच टायर गेला आणि बाकीचे अर्धे झिजलेत, तर? अमेरिकेत यावर एक सोय मिळते. नवाकोरा टायर मशीनवर चढवून त्याचं रबर बाकीच्या तिघांइतकं तासून देतात. पैसे मोजून घेतलेल्या टायरचं चार मिलिमीटर नवं रबर कचऱ्यात, आणि तासण्याचे पैसे वेगळे. तरीही लोक रांग लावतात, कारण उरलेले तीन टायर वाचतात आणि मधला क्लचही.