क्वीन्सब्रिजचा साक्षीदार

नासिर हे नाव आपल्याकडे घरोघरी आढळते. अरबीत त्याचा अर्थ मदत करणारा. आम्ही ज्या नासिरविषयी लिहीत आहोत तो मात्र न्यूयॉर्कचा आहे. त्याचे पूर्ण नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स. नावात ‘बिन’ असले तरी तो मुस्लिम घरातला नव्हे. गुलामीच्या काळात मालकांनी लादलेली नावे टाकून आफ्रिकी किंवा अरबी नावे घेण्याची रीत अमेरिकेतील काळ्या समाजात १९६०नंतर जोर धरू लागली. नासिरच्या वडिलांनीही चार्ल्स जोन्स हे नाव सोडून योरुबा भाषेतले ‘ओलू दारा’ हे नाव घेतले होते. जग या नासिरला ‘नाझ’ म्हणून ओळखते. १९ एप्रिल १९९४ रोजी त्याचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम आला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. दहा तुकडे आणि जेमतेम चाळीस मिनिटे, एवढाच त्याचा पसारा. तीस वर्षे उलटून गेली तरी तो जुना का होत नाही, हा प्रश्न आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेली कविता. तिचा उगम न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका मेजवानीत मानला जातो. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १४ सप्टेंबरला, नाझचा जन्म झाला. म्हणजे ही कला आणि हा कवी एकाच वयाचे. त्याचे बालपण गेले क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत. १९३९ साली कष्टकरी कुटुंबांसाठी बांधलेल्या या वसाहतीत ९६ इमारती आणि तीन हजारांहून अधिक घरे आहेत. उत्तर अमेरिकेतील ही सर्वात मोठी सरकारी वसाहत. १९८०च्या दशकात क्रॅक नावाच्या अमली पदार्थाने अशा वस्त्या पोखरल्या. बेकार तरुणांना तो विकणे हाच धंदा झाला. पाठोपाठ पिस्तुले आली आणि तुरुंगही भरले. नाझने आठवीनंतर शाळा सोडली. आई टपाल खात्यात नोकरी करी, वडील जॅझ वाजवीत. घरात पुस्तके होती आणि वाद्ये होती. १९९२ साली त्याच इमारतीत वर राहणारा त्याचा जिवलग मित्र गोळीबारात मारला गेला. त्याच रात्री नाझच्या भावालाही गोळी लागली. ‘इलमॅटिक’ या दुःखातून आला आहे.

अशा अनुभवातून दोन प्रकारचे लेखन सहज निपजते. एक, जे रडते आणि दया मागते. दुसरे, जे पिस्तूल मिरवते आणि धाक घालते. त्या काळात दुसऱ्या प्रकारालाच बाजारात भाव होता. कॅलिफोर्नियाच्या डॉ. ड्रेचा अल्बम १९९२च्या अखेरीस आला होता आणि सारा रॅपचा व्यापार तिकडे झुकला होता. नाझने तिसरी वाट धरली. तो खिडकीशी बसून समोर दिसते ते सांगतो. जिना, कोपरा, पळणारी मुले, आपल्याच मनातली भीती, सारे काही नेमके. तो कोणाची वकिली करीत नाही आणि निकालही देत नाही. तो साक्ष देतो. एक संपूर्ण गाणे तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. बाहेर काय चालले आहे, कोण भेटले, कोणाचे काय झाले, एवढाच मजकूर. पण ज्या घरातले कोणी आत आहे, त्या घराला अशा पत्राची किंमत सांगावी लागत नाही.

गझल जाणणाऱ्या वाचकांना त्याच्या कारागिरीची ओळख लवकर पटेल. काफिया केवळ ओळीच्या शेवटी येत नाही. ओळीच्या पोटातही यमकांची साखळी चालू राहते आणि अर्थ कुठेही फरफटत नाही. ठेक्यासाठी लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल. ई. एस. असे निरनिराळे कारागीर लाभले. जुन्या तबकड्यांतील एखादा तुकडा उचलून त्यावर नवे गाणे उभे करायचे, ही त्यांची पद्धत. पीट रॉकने उचललेला पियानोचा तुकडा अहमद जमाल यांचा आहे. पिट्सबर्गच्या या थोर वादकाने तरुणपणीच इस्लाम स्वीकारला होता. २०२३ साली त्यांचे निधन झाले. दुसऱ्या एका गाण्याच्या शेवटी खुद्द ओलू दारा यांचे कॉर्नेट वाजते. वीस वर्षांचा मुलगा मरणाची गोष्ट बोलून थांबतो आणि बापाचा सूर सुरू होतो.

‘द सोर्स’ मासिकाने या अल्बमला पाचपैकी पाच गुण दिले, पण खप सावकाश वाढला. पाच लाखांचा सुवर्ण दर्जा १९९६ साली मिळाला, दहा लाखांचा प्लॅटिनम दर्जा २००१ साली. मानसन्मान त्याहून उशिरा आले. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठात नाझच्या नावाने हिपहॉपच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. २०१४ साली वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये नॅशनल सिंफनीच्या वाद्यवृंदासह हा अल्बम सादर झाला. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. ज्या वस्तीची दखल पूर्वी पोलीसच घेत, तिची साक्ष आता देशाच्या दप्तरी जमा आहे.

त्यात उणे नाही असे नाही. शिव्या भरपूर आहेत. त्याहून मोठी उणीव म्हणजे बायकांचे स्वतःचे म्हणणे तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्या आयांनी त्या वस्तीत घरे सावरली, त्यांची बाजू मांडायची राहूनच गेली.

या साऱ्याचे आपल्याला काय? संबंध आहे, आणि तो थेट आहे. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजेच नेझी, याचे ‘आफत’ २०१४ साली गाजले. त्याच्या आणि डिव्हाइन या रॅपरच्या आयुष्यावरून सुचलेला ‘गली बॉय’ २०१९ साली आला. त्याचा नायक मुराद हा धारावीतला मुस्लिम मुलगा. या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नाझचे नाव होते, आणि ‘एनवाय से मुंबई’ या गाण्यात तो नेझी व डिव्हाइन यांच्यासोबत स्वतः गायला. क्वीन्सब्रिजहून निघालेली वाट कुर्ल्याच्या गल्लीत पोहोचली ती अशी.

आपल्या मोहल्ल्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुधा बाहेरच्यांनी. पंचनाम्यात ते आहेत, दंगलीच्या बातमीत आहेत, निवडणुकीच्या भाषणात आहेत. त्याला उत्तर म्हणून आपणही पुष्कळदा केवळ सफाई देत बसतो. सफाई त्या दिवसापुरती उपयोगी पडते; साक्ष मागे उरते. संगीताविषयी आपल्यात मतभेद आहेत, तो वाद आम्ही इथे काढत नाही. एवढेच म्हणतो की, नाक्यावरचा एखादा पोरगा वहीत यमके जुळवीत असेल, तर त्याला हिणवण्याआधी त्याने काय पाहिले ते विचारावे. आणि घरातली पोरगी लिहीत असेल, तर तिला आधी विचारावे.