त्रिलोक गुर्टू

त्रिलोक गुर्टू (जन्म : ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई) हे ड्रम व तबला या दोन्ही वाद्यांसाठी ख्यातनाम असलेले भारतीय तालवादक आणि संगीतकार आहेत. बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री होत.

कारकीर्द

बालपणी तबला शिकलेले गुर्टू पुढे ड्रमवादनाकडे वळले. १९७० च्या दशकात युरोपात त्यांनी 'एम्ब्रियो' हा जर्मन रॉक बँड, तसेच डॉन चेरी, चार्ली मारियानो आदी जॅझ वादकांना साथ केली. १९८४ मध्ये कॉलिन वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाल्यावर 'ओरेगॉन' या अमेरिकन बँडमध्ये ते दाखल झाले. त्या बँडच्या तीन अल्बममध्ये त्यांचे वादन आहे. नंतर गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांच्या त्रिकुटातही त्यांनी वादन केले.

स्वतंत्र निर्मिती

'उस्फ्रेत' (१९८८) हा त्यांच्या स्वतंत्र अल्बमपैकी पहिला. त्यात शोभा गुर्टू यांचे गायन आहे. 'लिव्हिंग मॅजिक' (१९९१) व 'क्रेझी सेंट्स' (१९९३) हे पुढील अल्बम.

वादनशैली

ड्रमवादक सहसा स्टुलावर बसून मोठा ड्रम पायाने वाजवतो. गुर्टू मात्र गुडघ्यावर टेकून, जमिनीलगत मांडलेले ड्रम वाजवतात. त्यामुळे तबला हाताशी राहतो आणि एकाच आवर्तनात काठी व बोटे दोन्ही चालतात. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून ते तिचा स्वर वळवतात. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणे हाही त्यांच्या मैफलीचा भाग असतो. तबल्याची भाषा ड्रमवर आणताना दोन्ही वाद्यांचा स्वभाव राखणे, हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य होय.